खळं कुठं करावं

तळेगावात, म्हणजे श्यामजीपंतांच्या तळेगावात, कुठलीही गोष्ट उभी करायची तर आधी जागा विचारावी लागे, आणि ती ताराचंदला. विहीर कुठं खणू, गोठ्याचं तोंड कुठं करू, मांडव मारुतीसमोर घालू की शाळेच्या मैदानात, सगळे प्रश्न त्याच्या किराणा आणि शेतीसामानाच्या दुकानी येऊन थडकत. लोक पावशेर मीठ आणि दोन हात दोर घ्यायला येत आणि जाताना सल्ला फुकट घेऊन जात. दुकान त्याला बापानं दिलं होतं, जागा सांगण्याचा नाद त्याचा त्यानंच लावून घेतलेला होता.

याचा वास्तुशास्त्राशी काही संबंध नव्हता. वास्तुवाल्यांशी ताराचंदचं हाडवैर होतं. नागपूरहून आलेल्या एका तज्ज्ञानं समोरच्या कापडवाल्याचं स्वयंपाकघर सरकवलं, तर धूर थेट देवघरात शिरून देवांची तोंडं काळी झाली. ही गोष्ट ताराचंदनं दहा वर्षं सांगितली आणि दर वेळी देव आणखी थोडे काळे केले. त्याचे स्वतःचे प्रश्न तीनच होते. येणंजाणं कोणाचं? कचरा कुठं पडन? आग लागली तं काय? या तीन प्रश्नांतून जी जागा उरेल ती खरी, बाकी दिशा वगैरे पाखरांनी पाहाव्यात, असं त्याचं म्हणणं होतं.

ताराचंद साऱ्या गावाला जागा दाखवी, आणि ताराचंदला त्याची जागा दाखवायचं काम सुमित्राबाईंचं, म्हणजे त्याच्या बायकोचं होतं. गावात त्याच्या पाठीमागं त्याला 'तो' म्हणत आणि त्यांना 'त्या'. आपणही तेच धोरण ठेवू.

दुकानाची खरी गर्दी मिठासाखरेमुळं नव्हती, सुमित्राबाईंमुळं होती. सकाळच्या एसटीनं नागपूरचं वर्तमानपत्र येई. त्या गादीशेजारच्या लाकडी खुर्चीत बसत आणि पहिल्या पानापासून श्रद्धांजल्यांपर्यंत सगळं खणखणीत आवाजात वाचत. नुसतं वाचत नसत, प्रत्येक बातमीखाली स्वतःची एक ओळ जोडत. मंत्र्यानं पुलाचं भूमिपूजन केलं, की "मागच्या साली बी यायनंच केलं होतं, नारळ तोच असन." शंभरीच्या म्हातारीनं तब्येतीचं रहस्य रोजचं दूध आहे असं सांगितलं, की "सून चांगली असन. पण तिचं नाव घेतलं तं सून डोक्यावर बसन, म्हून दुधाचं घेते." लोक तेल घ्यायला येत आणि तेलाची बाटली मांडीवर धरून तासभर बसून राहत. वांग्या-टमाटरवाला रूपराव तर काही न घेताच बसे. त्याला वाचता येत होतं. पण त्याचं म्हणणं असं, की वहिनीच्या तोंडून ऐकला तर पडलेला भावही तेवढा पडलेला वाटत नाही.

याच रूपरावनं शहाण्णव सालच्या माघात विचारलं, "शेठ, तुरीचं खळं औंदा कुठं करू?"

ताराचंदनं डोळे मिटले, तीन प्रश्न पिंजले आणि निकाल दिला. घराजवळ नाही, अंगणात तर मुळीच नाही. खळं म्हणजे धूळ, काड्या आणि कुटार, शेंगा बडवून उरतो तो सगळा चुरा. हे घरात शिरलं की वर्षभर निघत नाही. तेव्हा नाल्यापलीकडं मुरमाची उंच जागा आहे, तिथं सारवून घे. काम झालं की खळं मोडलं, घर स्वच्छ.

"अन् काम अर्धवट राह्यलं तं?" सुमित्राबाईंनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"अर्धवट कायले राहीन?" ताराचंद म्हणाला. "मी जागा सांगितली आहे."

काम अर्धवट राहिलं. अर्धी तूर बडवून झाली आणि भर दुपारी आभाळ काळंठिक्कर आलं. रूपराव बैलगाडीत शेंगा, दाणे, काड्या, सगळं एकत्र कोंबून रस्त्याला लागला. त्याचं घर दूर आणि घरात जागा नाही. सुमित्राबाईंनी रस्त्यावर येऊन गाडी अडवली आणि दुकानात रिकामी करायला लावली. ताराचंद दोन्ही हात पसरून गुळाच्या भेल्यांपुढं उभा राहिला, पण त्याला बाजूला सारून तूर आत आली. पुढचा महिनाभर तळेगावातल्या लोकांनी चहापत्तीत काडी आणि हळदीत कुटार खाल्लं. रूपरावचा दाणा मात्र एकही भिजला नाही. ताराचंदनं हार मानली नाही. तो सांगत राहिला, की खळ्याची जागा बरोबरच होती, पावसाचीच चुकली.

पुढं नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत सुमित्राबाई एका सकाळी वाचता वाचता थांबल्या. "अक्षरावर मुंग्या फिरून राह्यल्या," त्या म्हणाल्या. त्यांना साखरेचा आजार होता, तो किराणा दुकानदाराच्या घरात व्हावा याचीही त्यांनी यथेच्छ चेष्टा करून झाली होती. ताराचंद म्हणाला, डोळे दाखवू, कपाशीचा सीझन होऊ दे. मग तुरीचा होऊ दे. मग लग्नसराई आली, मग बियाणं आलं. किराणा दुकानात सीझन संपत नसतो, त्याचं फक्त नाव बदलतं. मुंग्या वाढत गेल्या. सुमित्राबाई पेपर उजेडाकडं धरत, मग दारात धरत, मग रस्त्यावर जाऊन धरत. सेवाग्रामला जाईपर्यंत दोन हजार एकचा उन्हाळा उजाडला.

डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, साखरेनं डोळ्यांचे पडदे खराब केलेत. लेसर करू, पण ते उरलेलं वाचवायला. गेलेलं परत येणार नाही. मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस कुठं होता?"

ज्यानं सगळ्या तालुक्याला कुठं ते सांगितलं, त्यालाच आता कोणीतरी 'कुठं' विचारलं होतं. परतीच्या एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसला. आपण चुकलो, हे त्याला पुरतं कळलं होतं. हे बायकोला म्हणायचं म्हणजे काय करायचं, ते कळत नव्हतं. पस्तीस वर्षांच्या संसारात ते कधी करून पाहिलं नव्हतं. तेव्हा तो म्हणाला, "तळेगाव आलं." ते त्यांनाही दिसत होतं, एसटीएवढं मोठं असलं की त्यांना दिसे.

पेपर येत राहिला. ताराचंदनं मोठ्यानं वाचायचा प्रयत्न केला, पण तो बातमीही मालाची यादी वाचल्यासारखी वाची. रूपरावनं वाचली तर आवाजच फुटेना. सुमित्राबाईंनी दोघांनाही थांबवलं. "मले वाचून दाखवू नका," त्या म्हणाल्या. "माह्या डोळ्यानं आत गेल्याशिवाय माह्या तोंडातून बाहेर निघत नाई." आणि त्या खुर्ची सोडून आत गेल्या. आतच राहू लागल्या. मिठाचं गिऱ्हाईक मीठ घेऊन निघून जाऊ लागलं. दुकानात आता तराजूचा आवाज ऐकू येई, आणि तो ताराचंदला सहन होत नसे.

त्यानं काय काय केलं! भिंग आणलं. भिंगाखाली एक शब्द दिसे, पण तो वाचून पुढचा सापडेपर्यंत वाक्य कुठून निघालं होतं तेच विसरायला होई. भिंग तांदूळ निवडायला गेलं. कोणी म्हणालं, गिरडला जा. ताराचंद गेला, शेख फरीदबाबांच्या दर्ग्याची टेकडी चढला. तिथं बाबांनी टिंगलखोर व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड केले अशी गोष्ट सांगतात, म्हणून हा खिसे रिकामे करून गेला आणि सगळा वेळ तोंड बंद ठेवून बसला. सुमित्राबाई म्हणाल्या, बाबांचा हा चमत्कारच म्हणायचा.

मग दोन हजार चारच्या पावसाळ्यानंतर त्याची भाची रुचिका आली. वर्ध्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवत असे. क्लासनं टाकून दिलेलं एक मशीन तिनं एसटीच्या टपावर चढवून आणलं होतं. त्यात तिनं फुकट मिळणारी लिनक्स नावाची सिस्टीम बसवली होती. "मामाजी," ती म्हणाली, "यात अक्षर वांग्याएवढं होते. काळ्यावर पांढरं. डॉक्टर म्हणते ना, मोठं अन् ठळक वाचता येईन? रोजच्या बातम्या तुमी टाइप करा, मामी वाचन."

पडद्यावर अक्षरं खरंच वांग्याएवढी झाली. पण काय अक्षरं! पहिली वेलांटी अक्षराच्या मागून धावत यायची, जोडाक्षरांचे तुकडे पाय तुटल्यासारखे वेगवेगळे पडायचे. सुमित्राबाई पडद्याला नाक लावून पाहत राहिल्या. "हे मराठी नाई," त्या म्हणाल्या. "हा मराठीचा ॲक्सिडेंट झाला आहे." त्या उठल्या. पण उठण्याआधी त्यांनी दोन शब्द वाचले होते, स्वतःच्या डोळ्यांनी, तीन वर्षांत पहिल्यांदा. ते ताराचंदनं पाहिलं. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलेली नजर काही वर्षं टिकेल, किती ते नाही सांगता येत.

दिवाळीत रुचिकानं एक सीडी आणली. अक्षरं दाखवणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली होती, तिच्यात अक्षरं नीट जुळत होती. पण ती तयार मिळत नव्हती.

"हा त्याचा कच्चा मजकूर आहे, सोर्स," ती म्हणाली. "त्याचा प्रोग्राम तुमच्या मशीनवर बनवा लागते. एक हुकूम द्याचा, 'मेक', अन् बसून राहाचं. तीन-चार तास लागन."

"म्हंजे शेंगा देल्ल्या तू," ताराचंद म्हणाला. "दाणे मी काढाचे."

"तसंच समजा."

"मंग खळं कुठं करू?"

रुचिका हसली, पण प्रश्न बरोबर होता. कच्चा मजकूर मशीनमध्ये कुठं उलगडायचा, हे आधी ठरवावंच लागतं. तिनं चार जागा सांगितल्या. एक, जिथं सिस्टीम स्वतःचा सोर्स ठेवते ती. दुसरी, आपण बाहेरून आणलेल्या गोष्टींसाठी राखलेली, 'लोकल' नावाची. तिसरी, आपलं स्वतःचं 'होम', वापरणाऱ्याच्या नावाचं घर. चौथी 'टेम्प', तात्पुरत्या कामाची.

"तुमी होममधेच करा," ती म्हणाली, "कोणाची परवानगी..."

पण ताराचंदचे डोळे मिटले होते. तो प्रांत त्याचा होता. पहिली जागा म्हणजे सरकारी गोदाम, तिथं आपल्या शेंगा नेल्या तर उद्या कोणाच्या कोणत्या हे कळणार नाही. दुसरी म्हणजे समाईक धुरा, दोन शेतांमधला बांध, आज रिकामा दिसतो आणि उद्या भांडण. होम? घरात खळं? हजारो फायली निघणार, त्यांचं कुटार कोण काढणार? तात्पुरती जागा! काम झालं, खळं मोडलं, घर स्वच्छ. कचरा आपोआप जातो म्हणे! माणसानं इतकी अक्कल लावून जागा केली आहे आणि पोरगी म्हणते घरात करा.

"टेम्पचं असं आहे मामाजी, का..." रुचिका सुरू झाली.

"कळलं," ताराचंद म्हणाला. "तुले एसटी भेटन नाई. जा."

आणि ती गेली. हुकमांची यादी तिनं कागदावर लिहून गादीमागच्या खिळ्याला टोचून ठेवली होती.

आता त्या वर्षी विजेच्या लाइनची तऱ्हा अशी होती. सकाळी नवाला येई, बाराच्या ठोक्याला जाई. संध्याकाळी येई तेव्हा साऱ्या शिवारातले पंप सुरू होत आणि व्होल्टेज असं पडे की बल्बातली तार मोजून घ्यावी. मशीनला चाले ते फक्त नऊ ते बारा. बॅटरीचा डबा होता, तो लाइन गेल्यावर सात मिनिटं तग धरी, म्हणजे शिव्या द्यायला पुरेल इतका.

पहिल्या दिवशी नवाला ताराचंदनं सीडी घातली, टेम्पमध्ये सोर्स उलगडला, 'मेक' म्हटलं आणि मांडी घालून राखण करत बसला. खळ्यावर माणूस हवा, हे त्याला ठाऊक होतं. पडद्यावर इंग्रजी ओळी भराभर पळू लागल्या. गिऱ्हाईक आलं तर तो बोट ओठांवर ठेवी. बाराला लाइन गेली. दुसऱ्या दिवशी नवाला मशीन सुरू केलं, टेम्प उघडलं, तर आत काही नाही. शेंगा नाहीत, दाणे नाहीत, कुटारसुद्धा नाही. सारवलेली जमीन.

ताराचंदला वाटलं, आपलाच हुकूम चुकला. पुन्हा सीडी, पुन्हा सोर्स, पुन्हा 'मेक'. तिसऱ्या दिवशी पुन्हा सारवलेली जमीन. चौथ्या दिवशी त्यानं उंदरांवर संशय घेतला आणि मशीनमागं पिंजरा लावला. पाचव्या दिवशी पिंजऱ्यात उंदीर सापडला, पण टेम्प रिकामंच. सहाव्या दिवशी त्यानं मशीनसमोर उदबत्ती लावली. इतकी वर्षं वास्तुवाल्यांच्या नावानं बोटं मोडणाऱ्या माणसानं ती लावताना आधी रस्त्यावर कोणी नाही ना, हे पाहून घेतलं. सातव्या दिवशी त्याला वाटलं, यंत्रही गोऱ्ह्यासारखं असेल, सवयीनं चपळ होईल. ते झालं नाही. तीन तासांच्या लाइनीत चार तासांचं काम रोज नव्यानं सुरू होत होतं आणि रोज संपायच्या आत मरत होतं.

वर्ध्याला फोन लावला की पाच मिनिटांत उलगडा झाला असता. गावातल्या एसटीडी बूथपर्यंत तो दोनदा गेला आणि उभा राहून परत आला. पोरीला काय सांगणार? की ताराचंदला जागा चुकली? अकरा दिवस गेले. अकराव्या दिवशी सुमित्राबाईंच्या डाव्या डोळ्यात रक्त उतरलं आणि त्यांना त्या डोळ्यानं धूर दिसू लागला. "थोडा धूर आहे," त्या म्हणाल्या, "होईन कमी." पुन्हा तेच चाललं आहे, हे ताराचंदला त्या क्षणी लख्ख दिसलं. पूर्वी तो सीझनसाठी थांबला होता आणि आता स्वतःच्या नाकासाठी थांबला होता. त्यानं त्याच दिवशी त्यांना सेवाग्रामला नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. उजवा डोळा आहे तसा आहे.

परत आल्यावर बाराव्या दिवशी तो मशीनपुढं बसला, पण 'मेक' म्हटलं नाही. सुमित्राबाई आतून आल्या, चाचपत आपल्या जुन्या खुर्चीत बसल्या.

"काय झालं जी? आज तुमचं खळं बंद?"

त्यानं सगळं सांगितलं. चार जागा, टेम्प, रोजची सारवलेली जमीन. उंदीर सांगितला. उदबत्ती गाळली.

"उदबत्तीचा वास आला होता मले," सुमित्राबाई म्हणाल्या. "डोळे गेले, नाक शाबूत आहे." मग म्हणाल्या, "लाइन गेली का काम अर्धवट राहते ना?"

"राहते."

"मंग अर्धवट काम कुठं राहते, ते तुमी पाह्यलं का? रूपरावची तूर आठवते? आभाळ आल्यावर म्या काय केलं? अर्धी तशीच उचलून घरात आणली. दुसऱ्या दिवशी तो तिथूनच पुढं बडवाले बसला, पह्यल्यापासून नाई. घरात कुटार राह्यलं तं झाडता येते जी. खळ्यावरचा दाणा वाहून गेला तं तो कुठून आणसान?"

तीन प्रश्नांच्या जोरावर ताराचंदनं तालुका चालवला होता आणि चौथा प्रश्न आठ वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून होता.

तो उठला, चपला घातल्या, बूथवर गेला आणि रुचिकाला फोन लावून म्हणाला, "जागा चुकली." दोन शब्द होते, पण बूथवाल्यानं रजिस्टरमधून मान वर केली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

"तेच सांगत होती मी!" रुचिका ओरडली. "हार्डडिस्क लहान आहे, म्हून मशीन सुरू होताना टेम्प झाडून टाकाचं असं मीच लावून देल्लं आहे. होममधे ठेवलं तं अर्धं झालेलं तसंच राहते. पुन्हा 'मेक' म्हटलं का जिथून राह्यलं तिथून पुढं."

तिनं नवं होम कसं करायचं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी नवाला, नाव काय देऊ, असं मशीननं विचारलं तेव्हा ताराचंदनं एकेक अक्षर शोधत 'सुमित्रा' टाकलं. त्या घरात त्यानं सोर्स उलगडला. फायलींचा ढीग पडला, पसारा झाला, कुटार सगळीकडं. त्यानं डोळे मिटून घेतले आणि 'मेक' म्हटलं. बाराला लाइन गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी नवाला त्यानं देवाचं नाव घेऊन घर उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. पुन्हा 'मेक' म्हटलं. मशीन कालच्या कामावरून सरसर पुढं सरकलं आणि जिथं लाइन गेली होती तिथून कामाला लागलं. दहा वाजून काही मिनिटांनी ओळी पळायच्या थांबल्या.

त्यानं वांग्याएवढ्या अक्षरांत टाइप केलं: श्रद्धांजली. जोडाक्षरं एकमेकांना घट्ट धरून उभी राहिली, एकाचाही पाय तुटला नाही. सुमित्राबाई नाक लावून वाचू लागल्या. "श्रद्धांजली," त्या खणखणीत म्हणाल्या. "एवढ्या शब्दातून हाच सापडला? कोण मेलं?"

कोणी मेलं नव्हतं. तो शब्द सगळ्यांत अवघड म्हणून त्यानं घेतला होता. पण ताराचंदला हसू आणि रडू एकदम आलं, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना ते दोन्ही आवरता येईना.

मग तेच सुरू झालं. सकाळी पेपर आला की ताराचंद त्यातल्या बातम्या वहीत निवडून ठेवी, नवाला लाइन आली की एका बोटानं टाइप करी, आणि दहाला सुमित्राबाई खुर्चीत. एका वेळी पडद्यावर चार ओळी मावत. चार ओळी झाल्या की त्या "हं" म्हणत आणि ताराचंद बटण दाबी. वाचन पूर्वीपेक्षा सावकाश होई, पण शेरे तसेच पडत. तेलाच्या बाटल्या पुन्हा मांड्यांवर आल्या. रूपराव पुन्हा काही न घेता बसू लागला. होममधला पसारा झाडायला रुचिकानं हुकूम सांगितला, पण ताराचंदनं तो काही दिला नाही. राहू दे, म्हणाला.

दोन हजार पाचच्या होळीनंतरची गोष्ट. सुमित्राबाईंनी पुलाची बातमी वाचली, नारळावर शेरा मारला, "हं" म्हणाल्या. ताराचंदनं बटण दाबलं आणि तो गुळाच्या भेलीकडं पाहू लागला.

"तळेगाव, ता. ३०," सुमित्राबाई वाचू लागल्या. "येथील एका किराणा व्यापाऱ्याने आपल्या पत्नीचे डोळे... हं... सीझन संपल्यावर दाखवू, असे म्हणून दोन वर्षे घालविली. त्यामुळे तिची... हं... दृष्टी गेली. सदर व्यापारी स्वतःस फार शहाणा समजत असे. त्याने..." त्या थांबल्या. पडदा तोच होता, पुढं ओळ होती. दुकानात सात-आठ माणसं होती, आणि एकाच्याही हातातली बाटली हलली नाही. "त्याने पत्नीची माफी मागितली आहे."

नागपूरच्या पेपरात तळेगावच्या किराणा दुकानाची बातमी कशी छापून आली, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही. रूपराव छताकडं पाहू लागला. ताराचंदनं गुळाच्या भेलीवरची माशी हाकलली. तिथं माशी नव्हती.

सुमित्राबाई अजून पडद्याला नाक लावून होत्या. प्रत्येक बातमीखाली त्या एक ओळ जोडत, ही सगळ्यांची सवय झाली होती, आणि सगळे त्या ओळीची वाट पाहत होते.

"दोन वर्षं नाई," त्या म्हणाल्या. "अडीच. पेपरवाल्यायले सांगा, आकडा चुकला."

दुसऱ्या दिवशी ताराचंदनं पहिली बातमी एका बोटानं, इतर दिवसांपेक्षा जास्त वेळ लावून टाइप केली. दहाला सुमित्राबाई बसल्या आणि त्यांनी वाचलं: "शुद्धिपत्र. काल प्रसिद्ध झालेल्या वृत्तात 'दोन वर्षे' असे छापले गेले. ते 'अडीच वर्षे' असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत."

"आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग हात लांब करून त्यांनी चाचपत ताराचंदचं मनगट धरलं, साऱ्या गिऱ्हाइकांसमोर, आणि ते बटणावर नेऊन ठेवलं. "चला. रूपराव कव्हाचा वांग्याच्या भावासाठी बसला आहे."